एलिव्हेशन काढणारा मठवासी

(तृतीय वर्ष, स्थापत्य)

मासिकाचा मराठी विभाग उघडला की दरवर्षी तीच मंडळी भेटतात. शिवाजी महाराज, विश्वेश्वरय्या, आइनस्टाइन, आणि न चुकता एक पावसाची कविता. या सगळ्यांबद्दल आदर आहेच (कवितेबद्दल थोडा कमी). पण यंदा मी ज्याच्यावर लिहितोय त्याचं नाव सांगितल्यावर रूमवरच्या पोरांनी एकदमच विचारलं, कोण रे हा? तर हा सेंट व्हिक्टरचा रिचर्ड. राहणार पॅरिस, मृत्यू १० मार्च ११७३. आपल्याकडे त्याला कोणी ओळखत नसलं तरी युरोपात धर्मशास्त्र शिकणाऱ्यांमध्ये याचं नाव मोठं आहे. महाकवी दान्तेनं आपल्या काव्यातल्या स्वर्गात, सूर्याच्या मंडलात जे बारा ज्ञानी पुरुष बसवले त्यात हा एक.

आपल्याशी मात्र त्याचं नातं वेगळंच आहे. फर्स्ट इयरला ईडीच्या शीटवर आपण रात्ररात्र जे प्लॅन आणि एलिव्हेशन घासतो, तशी एकाच इमारतीची वरून आणि समोरून दिसणारी चित्रं, सोबत मापं देऊन, या माणसानं साडेआठशे वर्षांपूर्वी काढली. गंमत अशी की ती इमारत कधी बांधलीच गेली नव्हती. ती एका संदेष्ट्याला दृष्टांतात दिसली होती.

त्या संदेष्ट्याचं नाव यहेज्केल. इंग्रजीत एझिकेल. मुंबईकराला हे नाव अगदीच अनोळखी असायचं कारण नाही. कोकणातून मुंबईत आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांत हे नाव आहे. विलेपार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजात इंग्रजी शिकवणारे कवी निसीम एझिकेल याच समाजातले. मूळचा यहेज्केल हा जेरुसलेमचा पुरोहित. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबिलोनच्या राजानं जे लोक कैद करून नेले त्यांत हाही गेला. पुढे दहा-अकरा वर्षांत जेरुसलेम पडलं आणि तिथलं मंदिर जाळलं गेलं. मंदिर गेल्यावर चौदाव्या वर्षी, परक्या मुलखात, याला दृष्टांत झाला. एका उंच डोंगरावर शहरासारखी मोठी इमारत, आणि दारात पितळेसारखा चमकणारा एक पुरुष उभा. त्याच्या हातात तागाची दोरी आणि मोजायचा दांडा!

बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकात चाळीसाव्या अध्यायापासून पुढे जे सुरू होतं ते वाचून मी चाटच पडलो. धर्मग्रंथ वाचतोय की पीडब्ल्यूडीचं मेजरमेंट बुक, अशी शंका यावी. तो पुरुष चालत जातो आणि मोजत जातो. दांडा सहा हातांचा. आणि हातही साधा नाही, नेहमीच्या हाताला चार बोटं जास्त. म्हणजे आपल्या मापात दांडा ढोबळ तीन मीटरचा. भिंतीची जाडी एक दांडा, उंची एक दांडा. दरवाजा म्हणजे नुसतं दार नव्हे, एक आख्खी इमारत. आत दोन्ही बाजूंना तीन-तीन खोल्या, प्रत्येक खोली सहा हात बाय सहा हात, दोन खोल्यांमध्ये पाच हात. बाहेरचा उंबरा सहा हात, आतला उंबरा सहा हात, पुढे आठ हातांची देवडी, तिचे खांब दोन हात. शेवटी सांगितलंय की एकूण लांबी पन्नास हात.

मी कागद घेऊन बेरीज केली. खोल्यांचे अठरा, मधल्या जागांचे दहा, उंबऱ्यांचे बारा, देवडीचे आठ, खांबांचे दोन. बरोबर पन्नास. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दृष्टांताची टोटल जुळते, आणि आमच्या एस्टिमेटच्या सबमिशनची जुळत नाही, हा दैवदुर्विलास आहे.

पण सगळंच असं सोपं जुळत नाही. पुढे पुढे मापं इतकी होतात, कुठलं माप कशाचं हेच कळेनासं होतं, लॅटिन भाषांतरात काही शब्द आणखी धूसर झालेले. त्यामुळे ख्रिस्ती जगातल्या भल्याभल्यांनी इथे हात टेकले. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा संत जेरोम या अध्यायांवर लिहायला निघाला तोच कचरत. आणि सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरी, ज्याला थोरला ग्रेगरी म्हणतात, त्यानं रोममध्ये यहेज्केलावर प्रवचनं दिली तेव्हा स्पष्टच सांगितलं की शब्दशः घेतली तर ही इमारत उभी राहू शकत नाही. म्हणून प्रत्येक मापाचा आध्यात्मिक अर्थ लावायचा. दांडा म्हणजे हे, उंबरा म्हणजे ते. लोम्बार्ड टोळ्या रोमच्या वेशीवर आलेल्या असताना तो हे बोलत होता, त्यामुळे त्याला इमारतीपेक्षा माणसांच्या मनाची चिंता जास्त असणार, हे समजण्यासारखं आहे. मात्र त्याचा दरारा एवढा की पुढची साडेपाचशे वर्षं त्याच्या शब्दापुढे जाऊन पट्टी हातात घ्यायचं धाडस फार कोणी केलं नाही.

आता रिचर्डकडे येऊ.

त्याच्या जन्माची तारीख सापडत नाही. परंपरा त्याला स्कॉटलंडचा मानते. तिकडून तो पॅरिसला आला, जसे आज लातूर-नांदेडची मुलं अंधेरी-मुलुंडला येतात तसा, कारण शिकायचं तर तिथेच. पॅरिस तेव्हा युरोपातलं शिक्षणाचं मोठं केंद्र होत चाललं होतं. शहराच्या भिंतीबाहेर, सीन नदीच्या डाव्या काठावर सेंट व्हिक्टरचा मठ होता. शँपोचा विल्यम हा नामांकित शिक्षक आपल्याच आबेलार नावाच्या हुशार आणि भांडखोर विद्यार्थ्याशी वाद घालून थकला आणि ११०८ मध्ये इथे येऊन राहिला, तेव्हापासून या मठाची सुरुवात. १११३ मध्ये राजानं त्याला सनद दिली. मठ म्हणजे एक प्रकारचं निवासी कॉलेजच. ठरलेल्या वेळी उठायचं, प्रार्थना, अभ्यास, एकत्र जेवण, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला वरिष्ठ. हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. मेसबद्दल मात्र कुठे वाचनात आलं नाही.

या मठाचा खरा गुरू ह्यू. हा ११४१ मध्ये वारला आणि रिचर्ड त्याच्याच परंपरेत घडला. ह्यूबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे त्यानं ज्ञानाची जी वर्गवारी केली तिच्यात हाताच्या कामांना मानाची जागा दिली. विणकाम, शस्त्रं आणि बांधकाम, नौकानयन आणि व्यापार, शेती, शिकार, वैद्यक, नाट्य. गवंडी आणि सुतारही त्यात आले. बाराव्या शतकातल्या विद्वानानं हे करावं हे मला फार मोठं वाटतं. आपल्याकडे आजही वर्कशॉपच्या विषयाकडे कसं बघतात ते आपण जाणतोच. शिवाय त्यानं व्यावहारिक भूमितीवर एक पुस्तक लिहिलं, उंची कशी मोजायची, पृष्ठभाग कसे मोजायचे वगैरे. दुसरी गोष्ट त्याच्या शिकवणीची. धर्मग्रंथाचा गूढ अर्थ हा वरचा मजला. तो चढवण्याआधी शब्दांचा सरळ अर्थ, म्हणजे पाया, नीट भरून घ्या. पाया न भरता मजले चढवणाऱ्यांवर त्याचा राग होता.

रिचर्डनं हे मनावर घेतलं. यहेज्केलाच्या दृष्टांतावर त्यानं स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याच्या सुरुवातीलाच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. पूर्वजांबद्दल आदर म्हणून त्यांनी सोडून दिलेल्या प्रश्नाला हात लावायचा नाही असं म्हणणारे पुष्कळ लोक असतात. त्यांचं म्हणणं त्यानं मान्य केलं नाही. आदर हा पुष्कळदा आळसावरचा पडदा असतो, असा त्याचा रोख आहे. वाचून मला दोन-तीन चेहरे आठवले, नावं सांगत नाही.

पण थेट पोप ग्रेगरी चुकला असं म्हणायचं कसं? बाराव्या शतकात ते परवडणारं नव्हतं, आणि रिचर्डचा तसा स्वभावही नव्हता. त्यानं वाट काढली ती अशी. ग्रेगरीनं ज्या पद्धतीनं ते शब्द घेतले त्या पद्धतीनं इमारत उभी राहत नाही, हे खरंच. पण शब्द दुसऱ्या तऱ्हेनं घेतले तर? मग कदाचित राहीलही. आता हे नुसतं बोलून कोण ऐकणार. म्हणून त्यानं काढून दाखवलं.

त्याच्या ग्रंथात दहा-पंधरा चित्रं आहेत. सगळ्या आवाराचा नकाशा, वेगवेगळ्या आवारांचे आणि मंदिराचे प्लॅन, आणि दरवाजाच्या इमारतीचं समोरून आणि बाजूनं दिसणारं रूप. रेघांच्या मधल्या जागेत कुठला भाग कोणता आणि किती हात ते लिहिलेलं. मजकुरात तो वाचकाला त्या त्या चित्राकडे पाठवतो. म्हणजे चित्र शोभेसाठी नाही, युक्तिवादाचा भाग आहे. मापं घेतली, कागदावर (खरं तर चामड्याच्या पानावर) मांडली, भिंतीला भिंत भिडली, कुठे ओव्हरलॅप झालं नाही, तर इमारत शक्य आहे. आपण ज्याला फीजिबिलिटी म्हणतो त्याचीच ही तपासणी.

त्याआधी इमारतींचे नकाशे नव्हते असं नाही. स्वित्झर्लंडच्या सेंट गॉल मठात नवव्या शतकातला एका मठाचा सुंदर प्लॅन आहे. पण तो फक्त प्लॅन. उंचीचा पत्ता नाही. एकाच इमारतीचा प्लॅन आणि तिचंच एलिव्हेशन, दोन्ही एकमेकांना धरून, हे मध्ययुगात रिचर्डच्या आधी सहसा दिसत नाही. व्हिलार द ओनकूर या फ्रेंच माणसाची प्रसिद्ध स्केचबुक, जिच्यात कॅथेड्रलांची चित्रं आहेत, ती तेराव्या शतकातली, म्हणजे पन्नासएक वर्षांहून नंतरची.

मला सगळ्यात आवडलेला भाग उताराचा. दृष्टांत डोंगरावरचा आहे. बाहेरच्या दरवाजाला सात पायऱ्या, आतल्या दरवाजाला आठ. म्हणजे जमीन चढत जाते. हे लक्षात न घेता सगळं सपाटीवर मांडायला गेलं की गोंधळ होणारच. घाटकोपरला असल्फाच्या डोंगरावरची घरं मेट्रोतून बघा. खालून वर गेलेली, एकाच्या छपराच्या पातळीला दुसऱ्याचा ओटा. त्या वस्तीचा नुसता प्लॅन काढला तर काहीच कळणार नाही, बाजूनं छेद दाखवावाच लागेल. सर्व्हेइंगच्या पहिल्या प्रॅक्टिकलला सांगतात ना, उतारावर टेप टाकून आलेलं अंतर आणि नकाशावरचं आडवं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी, तोच हा प्रांत. रिचर्डनं दरवाजाची इमारत बाजूनं काढली तेव्हा खालच्या जमिनीची रेघ तिरपी काढली. ह्यूच्या भूमितीच्या तासांचा हा परिणाम असावा असं मला आपलं वाटतं.

अर्थात इमारत दिसते कशी? बाबिलोनच्या काळातली मुळीच नाही. कमानी, बुरुजाला असतात तसे कंगोरे, सगळा थाट बाराव्या शतकातल्या फ्रान्सचा. जे डोळ्यांसमोर होतं तेच त्याच्या हातातून उतरलं. आणि डोळ्यांसमोर काय होतं! ११६३ च्या सुमारास मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नदीतल्या बेटावर नोत्र दामचं बांधकाम सुरू झालं होतं. दगड, चुना, पाळणे, गवंडी यांची वर्दळ पॅरिसला रोजची होती. दृष्टांतातल्या इमारतीला जमिनीवर उभी करून बघावी असं अशा गावात सुचणं स्वाभाविक आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते, तीही सांगतो. मंदिराचा आराखडा मांडायचा प्रयत्न करणारा हा पहिला नव्हे. ट्रॉयचे यहुदी पंडित राशी, जे ११०५ मध्ये वारले, त्यांनीही यहेज्केलावरच्या भाष्यासाठी आकृत्या काढल्या होत्या. ट्रॉय पॅरिसपासून काही फार लांब नाही. रिचर्डच्याच मठातला अँड्र्यू नावाचा अभ्यासक तर यहुदी पंडितांकडे जाऊन अर्थ विचारून यायचा आणि आपल्या भाष्यात नोंदवायचा. यशयाच्या एका भाकिताबद्दल अँड्र्यूनं यहुदी अर्थ दिला, त्याचं नीट खंडन केलं नाही, म्हणून रिचर्डनं त्याच्यावर टीकेचं पुस्तक लिहिलं. म्हणजे सरळ अर्थाचा आग्रह धरणारा हा माणूस, सरळ अर्थ आपल्या श्रद्धेला टोचायला लागला की मागे सरतो. इथे मी अँड्र्यूच्या बाजूचा.

मठातलं त्याचं आयुष्य कागदावर साधं दिसतं. ११५९ मध्ये उपप्रमुख, ११६२ मध्ये प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या खालोखालचा. पण वर बसला होता एर्विसियस नावाचा इंग्रज मठाधिपती, आणि हा माणूस मठाला महागात पडला. पैशाची उधळपट्टी, मनमानी, ज्येष्ठांना विचारायचं नाही, शिस्तीचा बोजवारा. रिचर्ड नेमका मधल्या खुर्चीत. वरच्याची आज्ञा पाळण्याचं व्रत घेतलेलं, आणि खाली तरुण मठवासी त्याच्याकडे बघतायत. ज्यानं कमिटीत सेक्रेटरीचं काम केलंय त्याला ही खुर्ची कशी असते ते कळेल. त्याच काळात इंग्लंडच्या राजाशी वाकडं आल्यानं ११६४ मध्ये पळून आलेला कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट फ्रान्समध्ये होता, तो या मठातही येऊन गेला. बेकेटच्या प्रकरणात लिहिलेल्या पत्रावर रिचर्डचं नाव आहे. म्हणजे चार भिंतींत बसून ध्यान करणारा असला तरी बाहेरच्या आगीची धग त्याला लागत होती.

मठाच्या तक्रारी अखेर पोप अलेक्झांडर तिसरा याच्यापर्यंत गेल्या, चौकशी झाली आणि ११७२ मध्ये एर्विसियसला पायउतार व्हावं लागलं. गेरँ हा नवा मठाधिपती आला. दहा वर्षांच्या त्रासानंतर रिचर्डला शांततेचं जेमतेम एक वर्ष मिळालं.

त्याची बाकीची कीर्ती ज्या ग्रंथांवर उभी आहे ते ध्यानाबद्दलचे आणि ख्रिस्ती त्रैक्याबद्दलचे आहेत. त्यात मी खोलात जाणार नाही, तेवढी माझी तयारी नाही. पण एका पुस्तकातली कल्पना इथे सांगण्यासारखी आहे. बायबलमधल्या याकोबाच्या घरातली माणसं घेऊन तो माणसाच्या मनाचं वर्णन करतो. राहेल ही पत्नी म्हणजे बुद्धी, आणि तिची दासी बिल्हा म्हणजे कल्पनाशक्ती. न दिसणाऱ्या गोष्टींपर्यंत बुद्धीला एकटीनं पोचता येत नाही. दासी बाहेर जाते, दिसणाऱ्या वस्तूंची रूपं आणून मालकिणीसमोर ठेवते, तेव्हा कुठे काम पुढे सरकतं. ही दासी बडबडी आहे, तिला गप्प करणं अवघड, असंही तो सांगतो. ड्रॉइंग शिकवणाऱ्या कोणत्याही सरांनी व्हिज्युअलायझेशनबद्दल याहून चांगलं सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्याच्या मागे हा नाद थांबला नाही. चौदाव्या शतकात लिराचा निकोलस यानं बायबलवरच्या मोठ्या भाष्यात याच मंदिराचे आराखडे दिले. आणि त्यानं केलं ते उत्तम, राशीच्या मताप्रमाणे एक आणि ख्रिस्ती पंडितांच्या मताप्रमाणे एक, असे शेजारी शेजारी. वाचकानं ताडून बघावं. छापखाना आल्यावर ती चित्रं लाकडी ठशांतून घरोघर गेली. आणि १७२८ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर वर्षभरात, प्राचीन राज्यांच्या कालगणनेवर एक पुस्तक निघालं, त्यातही यहेज्केलाच्या मापांचा आधार घेऊन काढलेले शलमोनाच्या मंदिराचे प्लॅन आहेत. लेखकाचं नाव आयझॅक न्यूटन. होय, तोच.

रिचर्डच्या चित्रांचं नशीब म्हणजे हातानं केलेल्या नकलांचं नशीब. प्रत्येक नवी प्रत कोणीतरी आधीच्या प्रतीवरून उतरवायची. आपल्याकडे जीटी मारताना खाली काच, काचेखाली बल्ब तरी असतो. त्यांना तेही नव्हतं. त्यामुळे प्रतीप्रतींत फरक आहेत. कुठे कमानी जास्त सुबक, कुठे रेघा घाईत. मूळ मठ आता नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत तो बंद झाला, १८११ मध्ये पाडला, जागेवर दारूची गोदामं आली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे झ्यूसिअू नावानं ओळखला जाणारा विज्ञान विद्यापीठाचा परिसर उभा राहिला. जिथे रिचर्डनं कंपास धरला त्याच भागात आज फिजिक्सच्या लॅब आहेत. मठाच्या ग्रंथालयातली प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, एक जुनी प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. त्यांतली काही पानं इंटरनेटवर बघायला मिळतात. बघणार असाल तर आधी कोरा कागद घेऊन चाळीसाव्या अध्यायातले आकडे स्वतः मांडून बघा, उताराची रेघ कुठे लागते ते शोधा, आणि मगच चित्र उघडा.